तिसरं मूळ

"आपली चिकित्सा पूर्ण झालेली आहे. आपण वेदनामुक्त आहात."

यंत्रातली बाई हे वाक्य इतक्या गोडीनं म्हणायची, की जणू हळदीकुंकवाचं आमंत्रणच देतेय. रेश्मानं खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

"मुक्त म्हणे! ताई, ती भवानी बंद कर आधी. दुखायलंय मला. आईशप्पत दुखायलंय."

डॉ. सारिका काशीदनं आवाज बंद केला. बार्शीतला हा दवाखाना तिचा, खुर्चीत बसलेली तिची सख्खी धाकटी बहीण, आणि दुखणारी दाढ खालच्या जबड्यातली, डावीकडची पहिली. दिवाळीच्या आधी मूलवेध नावाच्या या यंत्रानं तिचं रूट कॅनल केलं होतं. त्यानंतर रेश्मा तिसऱ्यांदा आली होती आणि तिसऱ्यांदा पडद्यावर तेच चित्र होतं. दोन मुळं, त्यांतल्या तीन नळ्या, आणि तिन्ही नळ्या अगदी टोकापर्यंत भरलेल्या. सारिका हातानं काम करायची त्या काळात इतकं देखणं काम तिला कधी जमलं नव्हतं.

"अगं, चित्रात काहीच नाही," ती म्हणाली.

"चित्रात नसंल. दाढेत हाय."

"रेश्मा, कधी कधी काय होतं, दात बरा होतो, पण मेंदूला दुखण्याची सवय लागलेली असते..."

"म्हंजे माझं डोकं फिरलंय."

"असं म्हटलं का मी?"

"मग काय म्हनलीस?"

सवयीचं हेच पालुपद तिनं महिनाभरापूर्वी मिरगणे गुरुजींना ऐकवलं होतं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, सभ्य माणूस. गालावर हात ठेवून "बरं बरं" म्हणत ते जिना उतरून गेले होते. रेश्माला असल्या सभ्यपणाचं पहिल्यापासून वावडं. तिनं पर्स उचलली, दार आपटलं आणि बाहेर बसलेल्या दोघांना "घरी जावा, काय उपेग न्हाई" असं सांगून निघून गेली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली. 'निराधार वेदना. वैद्यांचा आक्षेप आहे का?' तिसऱ्या तक्रारीनंतर यंत्र ही नोंद आपोआप करायचं आणि डॉक्टरला हरकत घ्यायला जरासा वेळ द्यायचं. हरकत घ्यायची तरी कशाच्या जोरावर? सारिकानं त्या देखण्या पांढऱ्या रेघांकडे पाहिलं आणि बोट काही उचललं नाही. ओळ हिरवी झाली आणि निघून गेली.

ती नोंद कुठं गेली, हे दुसऱ्या दिवशी कळलं. रेश्मा लोकवाहिनीची ड्रायव्हर. लोक अजून लाल गाडीच म्हणायचे, पण आता ती गाडी विजेवर चालायची आणि तिचा रंगही लाल राहिला नव्हता. बार्शी–लातूर रस्त्यावर येडशीचा घाट रेश्मा असा उतरायची, की मागच्या बाकावरच्या म्हातारीची डुलकीही मोडू नये. ड्रायव्हर लोकांची आरोग्यपत्रं डेपोत रोज सकाळी तपासली जायची. जी वेदना मुळात नाहीच ती ज्याला होते, त्याच्या हाती प्रवाशांचे जीव द्यायचे नाहीत, असा नियम होता. रेश्माच्या हातातून स्टिअरिंग गेलं आणि तिला स्टँडवरच्या चौकशी खिडकीत माइकसमोर बसवण्यात आलं.

"बोंबलायला ठिवलंय मला," असं तिनं सारिकाला फोनवर सांगितलं. त्यानंतर तिचे फोन बंद झाले.

तिचा नवरा बालाजी डाळमिलमध्ये कामाला होता. माणूस वाईट नव्हता, पण गोंधळलेला होता. त्यानं सारिकाला विचारलं, "ताई, खरं सांगा, रातच्या फेऱ्या नकोत म्हनून तर नाटक न्हाई ना करत ही?" आणि सारिका, एवढी शिकलेली बाई, म्हणाली, "तसं नाही म्हणणार मी. पण यंत्र सहसा चुकत नाही रे." हे वाक्य बालाजीनं घरी नेलं. संसारात असली वाक्यं कुठं कुठं जाऊन रुततात, ते सांगायला नको.

इथं थोडं दातांबद्दल सांगायला हवं. हिरडीच्या वर सगळे दात साळसूद दिसतात. भानगड असते ती खाली, हाडात. दाताच्या मुळांत बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांतून नस आणि रक्त दातात येतं. कीड तिथवर पोचली की आतलं सगळं कुजतं. रूट कॅनल म्हणजे या नळ्या शोधून, साफ करून, बंद करणं. सगळ्या नळ्या. एक जरी राहिली, तरी जंतू तिथं घर करतात आणि बाकीच्या कामावर पाणी पडतं. आता नळ्या किती? खालच्या पहिल्या दाढेला बहुतेकांत दोन मुळं आणि तीन नळ्या. पण एखाद्याच्या दाढेला जिभेच्या बाजूनं तिसरं मूळ फुटलेलं असतं, छोटंसं आणि गळासारखं वाकडं. कुणाच्या वरच्या दाढेत केसासारखी एक जादा नळी लपलेली असते. कुणाच्या दुसऱ्या दाढेची मुळं एकमेकांना चिकटतात आणि आतली नळी अर्धचंद्रासारखी पसरते. कुठल्या मुलखात हे जास्त, कुठल्या घराण्यात जास्त. पुस्तकात याला 'अपवाद' म्हणतात. ज्याच्या तोंडात तो असतो त्याला तो अपवाद वाटत नाही, त्याची ती रोजची दाढ असते.

मूलवेध बनवलं समदंत नावाच्या पुण्याच्या कंपनीनं. क्ष-किरणांचा मारा कमीत कमी व्हावा म्हणून ते अगदी थोड्या किरणांत जबड्याचं चित्र घ्यायचं. थोड्या किरणांतलं चित्र धुरकट येतं. ती धूळ पुसायला यंत्राच्या पोटात एक नकाशा होता, दोन लाख दातांचा. चित्रातलं जे नकाशाशी जुळेल ते ठसठशीत करायचं, आणि जे जुळणार नाही ती धूळ समजून पुसायचं. डॉक्टरला दिसायचं ते हे पुसलेलं चित्र. त्यानंतर यंत्राचा हात सुईच्या अग्रावर उभं राहावं इतक्या नेमकेपणानं काम करायचा.

आणि खोटं कशाला बोला, मूलवेधनं भलंही केलं होतं. पूर्वी वैराग, पानगावकडचा माणूस दात दुखला की उपटूनच घ्यायचा. आता दवाखान्यात आला की तासाभरात दात वाचवून घरी जायचा. म्हणून तर कायदा झाला. दातांच्या दवाखान्यांतली जुनी क्ष-किरण यंत्रं सरकारनं उचलून नेली आणि हातानं नळी उघडणं गुन्हा ठरवलं. डॉक्टरांनी सुरुवातीला कुरकुर केली, मग पाठदुखी थांबली म्हणून गप्प बसले. सारिकाही बसली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बालाजीचा फोन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "ताई, पक्कड... तिनं पक्कड घेतली वो..."

सारिका पोचली तेव्हा रेश्मा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती. पुढ्यात घमेलं, घमेल्यात रक्त, हातात पक्कड. दाढ निघाली नव्हती, वरचा तुकडा तेवढा फुटला होता.

"काय केलंस हे, बये?"

"का गं?" रेश्मानं तोंड पुसलं. "तुज्या मशीनला ती दाढ दुखत न्हाई. तुला दुखत न्हाई. ह्यांना दुखत न्हाई. मला बी दुखत न्हाई असं समदी म्हनत्यात. मग न दुखनारी दाढ उपटली तर तुमचं काय बिघडलं?"

बालाजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सारिकानं रेश्माच्या हनुवटीखाली हात घातला आणि तो तिथंच थांबला. जबड्याच्या खाली सूज होती, गरम आणि लाकडासारखी टणक. माणूस दुखण्याचं सोंग आणू शकतो, असं घटकाभर धरून चालू. सुजेचं सोंग कोण आणतो? दाढेतला पू खाली उतरायला लागला होता. तो गळ्यात उतरला तर श्वासाची वाट बंद होते, आणि मग माणूस हातचा जातो.

तिनं रेश्माला दवाखान्यात आणलं, इंजेक्शन दिलं आणि मूलवेधखाली बसवलं. पू आत कोंडलेला असेपर्यंत नुसत्या इंजेक्शननं भागणार नव्हतं. तो कुठून येतोय ते दिसायला हवं होतं. यंत्रानं चित्र घेतलं, पुसलं आणि दाखवलं. दोन मुळं. तीन नळ्या. 'सूज दंतमूलक नाही.'

"आपण वेदनामुक्त आहात," बाई म्हणाली.

सारिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं खाली वाकून वायर उपटली, प्लगसकट. भिंतीचा थोडा गिलावाही आला.

"मोठ्या दवाखान्यात न्यूया का?" बालाजीनं घाबरत विचारलं.

"तिथं आधी हिचं आरोग्यपत्र उघडतील. त्यात काय लिहिलंय ठाऊक आहे ना? मीच लिहू दिलंय ते." तिनं गाडीची किल्ली उचलली. "डॉक्टर शेखांकडं चला."

डॉ. शेख जनावरांचे डॉक्टर. लातूर रोडला त्यांचा छोटा दवाखाना, आणि तिथं कुत्र्यामांजरांसाठी ठेवलेलं जुनं क्ष-किरण यंत्र. माणसांच्या दातांना बंदी, जनावरांना मोकळीक, असा तो कायदा. शेखांनी रेश्माचा चेहरा पाहिला आणि फार विचारपूस केली नाही.

"माझ्याकडं परवाना कुत्र्याचा आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण हे यंत्र जुनं आहे, समोर कोण बसलंय ते विचारत नाही. बसा."

"समोरून नको. तिरकं धरा," सारिका म्हणाली. एकामागं एक उभी राहिलेली दोन माणसं समोरून एकच दिसतात. बाजूला सरकून पाहिलं की मागचा दिसतो. मुळांचंही तसंच असतं. हे तिला तीस वर्षांपूर्वी शिकवलेलं होतं, आणि तिनं ते इतकी वर्षं पडद्याच्या भरवशावर गुंडाळून ठेवलं होतं.

चित्र आलं. धुरकट होतं, कुणी पुसलेलं नव्हतं. मागच्या मुळाच्या आडून एक तिसरं मूळ डोकावत होतं, छोटं, आत वळलेलं, रिकामं. त्याच्या टोकाशी हाडात काळा डाग.

"अल्ला," शेख हळूच म्हणाले. सारिकाला त्या क्षणी कुणाच्या तरी थोबाडीत मारायची होती, आणि सर्वांत जवळ तिचंच थोबाड होतं.

आपल्या दवाखान्यात परत आल्यावर तिनं माळ्यावरचा स्टीलचा डबा काढला. त्यात तिच्या जुन्या सुया होत्या, केसाइतक्या बारीक, हातानं फिरवायच्या. उकळून घेतल्या. भिंगाचा चष्मा लावला. दाढ बधिर केली, यंत्रानं घातलेलं भरण कोरून काढलं आणि जिभेच्या बाजूला सुईचं टोक टेकवत टेकवत चालली. टणक. टणक. टणक. मग एका जागी सुई अडकली आणि थोडी आत गेली. तिनं ती वाकवली आणि पुन्हा सोडली. सुई वळणावरून आत घसरली आणि तिच्यामागून पू आला, भळाभळा, घाण वास मारत. इतका पू या दाढेनं महिनोन्महिने पोसला होता आणि सगळं जग तिला गप्प बस म्हणत होतं.

रेश्मानं डोळे उघडले. तिनं गाल चाचपला. "थांबलं," ती म्हणाली. "ताई, थांबलं गं." मग तिला रडू कोसळलं, आणि रडता रडताच तिनं सारिकाचा हात झिडकारला. "आता म्हन मला येडी. म्हन की!"

"चुकलं माझं, रेश्मा."

"माझं ऐकून तुला चुकलं वाटलं नव्हतं. आता कुत्र्याच्या फोटूत दिसलं म्हनून वाटलं."

हे बोलणं खरं होतं. बालाजी कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता, पण त्यालाही रेश्मानं जवळ येऊ दिलं नाही.

सारिकानं ते तिरकं चित्र त्याच दिवशी दंत परिषदेला आणि समदंतला पाठवलं. तिला वाटलं होतं, खडबडून जागे होतील. उत्तर आलं ते परवाना निलंबित केल्याचं. सोबत समदंतच्या संचालकांचा निरोप होता, भेटायला या. संचालक डॉ. केदार बोंद्रे, कॉलेजात तिच्याच वर्गातला.

"मी बी येनार," रेश्मा म्हणाली. सूज उतरली होती, राग उतरला नव्हता. "तोंड बघायचंय मला त्याचं."

समदंतच्या इमारतीत शिरलं की समोर एक काचेची भिंत होती. आतून दिवे सोडलेले आणि त्या उजेडात रांगेनं मांडलेले दात. नकाशासाठी वापरलेल्या दोन लाखांपैकी निवडक हजारभर दात कौतुकानं तिथं ठेवले होते. रेश्मा नाक मुरडून सोफ्यावर बसली. सारिका मात्र भिंतीपाशी गेली, एक रांग पाहिली, दुसरी पाहिली, वाकून खालच्या रांगा पाहिल्या. एकही मूळ वाकडं नव्हतं. एकाही दाढेला तिसरं मूळ नव्हतं. इतकी सरळ मुळं देवानं एका जागी कधी घातली असतील, यावर तिचा विश्वास बसेना.

आणि मग तिला बरण्या आठवल्या.

दंत महाविद्यालयातल्या कुणालाही विचारा, बरणी म्हणजे काय ते सांगेल. दुसऱ्या वर्षी हात बसवायला काढून टाकलेले खरे दात लागतात आणि ते ज्याचे त्यानं मिळवायचे असतात. पोरं गावोगावच्या दवाखान्यांत चकरा मारायची, कंपाउंडरला चहा पाजायची, आणि औषधात बुडवलेले दात बरणीत घालून आणायची. आणले की निवडायची. सरळ मुळाची दाढ ठेवायची. वाकडी, जादा मुळाची, चिकटलेल्या मुळांची दाढ फेकून द्यायची, कारण तिच्यात सुई तुटते आणि परीक्षक मार्क कापतो. पास होऊन बाहेर पडताना बरण्या कॉलेजला दान करून जायची. दरवर्षी हेच, प्रत्येक कॉलेजात हेच. सारिकाच्या परीक्षेला तिच्याकडे सगळ्या वाकड्याच दाढा उरल्या होत्या. केदारनंच हसत हसत आपल्या बरणीतली एक सरळ दाढ तिला दिली होती. "ती फेक गं, कुठं नादी लागतेस," म्हणाला होता. चांगला मुलगा होता तो.

केदारची खोली वरच्या मजल्यावर होती. त्यानं दोघींना चहा मागवला, बार्शीची चौकशी केली, तिरकं चित्र बघून मान हलवली. "दुर्मिळ केस आहे," तो म्हणाला. "वाईट वाटतं."

"केदार, नकाशाचे दात कुठून आणलेस?"

"राज्यातल्या सगळ्या दंत महाविद्यालयांतून. प्रत्येक जिल्हा, प्रत्येक समाज, प्रत्येक वय. त्यात खोट काढता येणार नाही तुला."

"म्हणजे पोरांच्या बरण्यांतून."

केदारचा कप ओठाशी गेला आणि तसाच खाली आला. त्यानं आश्चर्य दाखवलं नाही. तेवढ्यावरून सारिकाला कळायचं ते कळलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"गेल्या वर्षी लक्षात आलं. सारिका, ऐकून घे. आम्ही गप्प बसलेलो नाही. वाकडी मुळं गोळा करायला माणसं लावलीत. पुढच्या आवृत्तीत सगळं नीट होईल."

"आणि ज्यांच्या नावावर निराधार वेदना लिहून ठेवलंयस ते?"

"एकाची नोंद चुकीची म्हटली, की सगळ्यांच्या उघडाव्या लागतील. कंपनी बुडेल. कंपनी बुडाली तर मूलवेध जाईल आणि खेड्यातला माणूस पुन्हा दात उपटायला लागेल. तुला हवंय का ते? अगं, शंभरातल्या नव्वदांचं भलं होतंय."

"आनि धा जनांनी काय करायचं?" रेश्मानं विचारलं. आत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. "पक्कड घ्यायची?"

केदारनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो सारिकालाच म्हणाला, "तुझा परवाना उद्या परत मिळेल. तुझ्या बहिणीची नोंद तांत्रिक दुरुस्ती म्हणून काढतो, पुढच्या आठवड्यात त्या स्टिअरिंगवर असतील. फक्त हे चित्र आणि ते बरण्यांचं बोलणं इथंच राहू दे. दोघींची सही लागेल. दोन दिवस घ्या, विचार करा."

"किती जनांच्या नावावर हाय तसलं?" रेश्मानं पुन्हा विचारलं.

"ते सांगता येणार नाही."

"म्हंजे लई हायत," असं म्हणून ती उठली.

परतीच्या गाडीत रेश्मा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून नुसती त्याच्या हातांकडे बघत होती. प्रत्येक वळणाला तिचे हात आपोआप मांडीवर फिरत होते.

"मी सही करते," सारिका म्हणाली. "तुझी गाडी तुला मिळू दे. बाकीचं मी बघेन कसं तरी."

"बाकीचं म्हंजे कोन? तू कुनाकुनाला माघारी पाठवलंस, आठवतंय तरी का तुला?"

मिरगणे गुरुजी जिना उतरताना सारिकाच्या डोळ्यांसमोर आले. त्यांच्या मागून आणखी कितीजण उतरत होते.

"मला विचारायचं न्हाई आनि माझं भलं करायचं," रेश्मा म्हणाली. "मागल्या बारीला बी तू हेच केलंस. यंत्रानं तुला विचारलं, हरकत हाय का. मला कोनी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका केदारनं दिलेला करारनामा घेऊन स्टँडवर गेली. तिनं रात्रीत स्वतःची सही केली होती. बहिणीची गाडी बहिणीला मिळावी, यापलीकडे तिच्या डोक्यात काही शिल्लक राहिलं नव्हतं. स्टँड भरलेला होता. बाजारचा दिवस, बाचकी, पोती, पोरं. चौकशी खिडकीच्या काचेमागं रेश्मा माइकसमोर बसली होती. सारिकानं खिडकीतून कागद आत सरकवला. रेश्मानं तो वाचला, बहिणीची सही पाहिली, आणि चहाचा ग्लास त्यावर ठेवला. मग तिनं माइकचं बटण दाबलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. बार्शी–लातूर गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." ती जराशी थांबली. पुढचं ती छापील भाषेत बोलली नाही. "आनि ज्यांच्या दाढंचं काम मशीननं केलंय, तरी दाढ दुखायलीय, आनि ज्यांना समद्यांनी खोटं पाडलंय, त्यांनी फलाट क्रमांक चारवर यावं. तुमी खोटं बोलत न्हाई. मशीन खोटं बोलतंय. शिकाऊ पोरांनी वाकड्या दाढा फेकून दिल्या आनि सरळ दाढा बघून मशीन शिकलं, म्हनून त्याला तुमची दाढ दिसत न्हाई. फोटू जनावराच्या दवाखान्यात निघंल. लाजायचं कारन न्हाई. मी बी तिथंच काढलाय."

डेपो मॅनेजरच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. तो धावत सुटला, पण चौकशीच्या खोलीची कडी रेश्मानं आतून लावलेली होती. सारिकाला तिच्या जागेवरून रेश्मा दिसत होती. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. आता तिला घाट कधीच मिळणार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फलाट चारवर कुणी आलं नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग भाजीच्या पाटीशेजारून एक बाई उठली. पदर गालावर दाबलेला. ती निम्म्या वाटेवर घुटमळली, तेव्हा बाकावरचा एक तरुण उठला. त्याच्या बायकोनं त्याचा शर्ट ओढला, आणि त्यानं तो सोडवून घेतला. त्यांच्यामागून काठी टेकत मिरगणे गुरुजी आले.

सारिकानं खिडकीतून हात घालून ग्लासखालचा कागद ओढला, फाडला आणि फलाट चारकडे निघाली. पर्समध्ये बॅटरी होती. आपल्याला सगळा स्टँड ओळखतो, हे तिला माहीत होतं. परवाना नसलेली डॉक्टर चारचौघांत तोंडं तपासायला लागली की पुढं काय होतं, तेही माहीत होतं.

गुरुजी तिच्यासमोर येऊन उभे राहिले. गालाचं हाड वर आलं होतं, दोन-अडीच महिन्यांत माणूस वाळून गेला होता. "डॉक्टर," ते हळू आवाजात म्हणाले, "काही नाही, असं तुम्हीच म्हणाला होता मला."

"म्हणाले होते, गुरुजी. चुकीचं बोलले. कुठली दाढ?"

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी बोट आत घालून दाढ दाखवली. त्यांच्यामागं माणसं गोळा होत होती, वैरागच्या गाडीतून उतरलेलीही थांबली होती. डेपो मॅनेजर खिडकीची काच बडवत होता. तेवढ्यात वर कर्ण्यात खरखर झाली.

"फलाट चारवर ढकलाढकली करू नका," रेश्माचा आवाज आला. "रांगंत या. समद्यांचा लंबर लागंल. आनि तुमाला दुखत न्हाई असं कोनी म्हनलं, तर त्याला हिकडं खिडकीवर पाठवा. मी हाय बसलेली."